एकट्याच्या डावात रडी कसली?

गल्लीत गोट्या किंवा विटीदांडू खेळताना कोणी रेघ पुसली, मोजणीत एक दांडी वाढवून सांगितली, की बाकीची मुले ओरडत, "ए, रडीचा डाव!" रडी खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी डावात घेत नसे, आणि तेवढी शिक्षा पुरेशी होत असे. आजची मुले 'चीटिंग' म्हणतात. शब्द बदलला तरी अर्थ तोच आहे: सोबत खेळणाऱ्याला फसवणे.

पण सोबत खेळणारा कोणी नसेलच तर? आज आपल्या घरातली बरीच मुले संगणकावर किंवा मोबाईलवर असे खेळ खेळतात ज्यात समोर दुसरा माणूसच नसतो. एक मोठी गोष्ट असते, तिचा नायक आपण व्हायचे, आणि गावोगाव फिरत ती गोष्ट पुढे न्यायची. याला 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. एकेक खेळ शंभर तासही चालतो. अशा खेळात एखाद्या मुलाला अचानक ढीगभर सोने मिळवण्याची पळवाट सापडली आणि त्याने ती वापरली, तर ती लबाडी झाली का? वर्गातल्या मुलांनी हा प्रश्न आम्हाला विचारला तेव्हा त्यांच्यातच दोन तट पडले होते. एक गट म्हणत होता, "खेळानेच करू दिले, मग चीटिंग कसली?" दुसरा म्हणत होता, "मेहनत न करता मिळाले, म्हणजे चीटिंगच."

घरात हा विषय निघाला तर दोनपैकी एक उत्तर ठरलेले असते. "गेमच वाईट, बंद कर तो," हे एक. "गेमच तर आहे, काय फरक पडतो," हे दुसरे. दोन्ही उत्तरांनी बोलणे तिथेच संपते. खरे तर मूल त्या वेळी इमानदारी म्हणजे काय, हेच विचारत असते. ते स्वतःहून हा प्रश्न घेऊन आले असेल, तर त्याला नीट उत्तर मिळायला हवे. त्यासाठी आधी या पळवाटा असतात तरी कशा, ते पाहू.

खेळातले सोने येते कुठून?

या खेळांत नायकाला तलवार, औषध, घोडा, घर असे सगळे विकत घ्यावे लागते. पैसा मिळवायचे मार्ग खेळाने ठरवून दिलेले असतात: गावकऱ्यांची कामे करा, राक्षस मारून बक्षीस घ्या, रानातली वनस्पती गोळा करून औषधे बनवा आणि दुकानात विका. सुरुवातीला खिसा रिकामा असतो, म्हणून पहिली चांगली तलवार हातात आली की मुलाला तिचे मोल वाटते.

आता हा सगळा बाजार माणसांनीच लिहिलेल्या हिशेबावर चालतो, आणि माणसाच्या हिशेबात कुठेतरी फट राहतेच. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'पोकेमॉन रेड' आणि 'ब्लू' या खेळांतली फट फार गाजली. त्यात एक म्हातारा पोकेमॉन कसा पकडायचा ते करून दाखवतो. त्या वेळी पडद्यावर म्हाताऱ्याचे नाव दिसावे म्हणून खेळ खेळाडूचे नाव थोडा वेळ दुसऱ्या जागी ठेवतो. ती जागा रानटी पोकेमॉनच्या यादीची असते. त्यानंतर लगेच सिनाबार बेटावर जाऊन पूर्व किनाऱ्याच्या कडेने पाण्यात फिरत राहिले, की खेळ ते नावच यादी समजून वाचतो. मग 'मिसिंगनो' नावाचे एक विचित्र, फाटक्या चित्रासारखे काहीतरी समोर येते आणि आपल्या पिशवीतल्या सहाव्या वस्तूची संख्या १२८ ने वाढते. सहाव्या जागी सोन्याचा गोळा ठेवला असेल, तर एकेक गोळा दुकानात ५००० ला विकला जातो. निर्मात्यांनी हे ठरवून केलेले नव्हते. ती सरळ चूक होती.

२००२ च्या 'मॉरोविंड' मध्ये वेगळी गंमत होती. बुद्धी वाढवणारे औषध प्यायले की पुढचे औषध जास्त गुणकारी बनते. ते प्यायले की त्यापुढचे आणखी गुणकारी. असे करत गेले की शेवटी हास्यास्पद किमतीची औषधे तयार होतात. इथे कुठे काही मोडलेले नाही. प्रत्येक नियम जसा लिहिला तसाच चालतो, फक्त दोन नियम एकमेकांना जोडले की काय होईल, हे लिहिणाऱ्याने पुरते पाहिले नव्हते. त्याच खेळात एक बोलणारा खेकडा आहे. त्याच्याकडे १०,००० सोन्याची नाणी असतात आणि तो घासाघीस न करता वस्तूची पूर्ण किंमत देतो. तो आडबाजूला, पाण्याकाठी लपवलेला आहे. त्याला मात्र निर्मात्यांनीच तिथे बसवले आहे. मग तो सापडल्यावर त्याला माल विकणे ही पळवाट म्हणायची, की शोधणाऱ्याला ठेवलेली भेट?

२०११ च्या 'स्कायरिम' मधल्या दुकानदारांकडे थोडेच सोने असते. ते संपले की दोन दिवस थांबायचे, असा नियम. मुलांनी त्यावर तोड काढली: खेळ जतन करायचा, दुकानदाराला एक फटका मारायचा, आणि लगेच जतन केलेला खेळ पुन्हा उघडायचा. फटका मारलाच नाही असे होते, पण दुकानदाराची पेटी मात्र पुन्हा भरलेली असते. याच खेळात डॉनस्टार नावाच्या गावात एका व्यापारी काफिल्याच्या मालाची पेटी जमिनीखाली आहे. ती खेळाडूला दिसू नये अशी योजना होती, पण योग्य जागी उभे राहून खाली पाहिले की ती उघडता येते.

एक गोष्ट इथे मुलांच्या ध्यानात आणून देण्यासारखी आहे. 'स्कायरिम' मध्ये चोरी करता येते. चोरलेला माल साधा दुकानदार घेत नाही, त्यासाठी चोरांच्या टोळीतला व्यापारी गाठावा लागतो. म्हणजे गोष्टीतली चोरी नियमांत बसते आणि कोणीही तिला चीटिंग म्हणत नाही. उलट जमिनीखालच्या पेटीतला माल काढताना कोणी ओरडत नाही, शिपाई येत नाही, तरी मुले त्याला चीटिंग म्हणतात. याचा अर्थ मुलांना एक फरक आपोआप कळलेला असतो. गोष्टीतले पाप आणि डावातली रडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकात खलनायकाचे काम करणारा माणूस खलनायक होत नाही. पण तिकीट न काढता नाटकाला बसणारा प्रेक्षक, नाटक कितीही पवित्र असले तरी, फुकट्याच ठरतो.

निर्माते काय करतात?

पळवाट दिसली की खेळ बनवणारे तीन तऱ्हांनी वागतात. काही जण ती बुजवतात, काही जण तशीच ठेवतात, आणि काही जण हसून तिचाच खेळ करतात.

तिसऱ्या तऱ्हेचे सर्वांत चांगले उदाहरण पोलंडमध्ये तयार झालेल्या 'द विचर ३' या खेळाचे आहे. तो मे २०१५ मध्ये आला. त्यातल्या व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच गावात चरणारी गुरे मारून त्यांची कातडी विकता येत होती. नायकाने थोडा वेळ ध्यानाला बसून उठले की गुरे पुन्हा हजर. मुलांनी तासन् तास हाच धंदा केला. निर्मात्यांनी त्यावर काय केले? कातड्याचा भाव पाडला नाही की शिक्षा लावली नाही. पुढच्या सुधारणेत त्यांनी अशी व्यवस्था केली, की फार गुरे मारली तर एक प्रचंड राक्षस चालून येतो, आणि नवख्या नायकाचा त्याच्यापुढे टिकाव लागत नाही.

गोष्ट इथे संपली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या खेळाचा 'हार्ट्स ऑफ स्टोन' हा पुढचा भाग आला. त्यात गडगंज झालेल्या नायकाला एक करवसुली अधिकारी गाठतो आणि विचारतो: व्हाइट ऑर्चर्डमधल्या कातड्यांतून काही कमाई केली का? शिंपल्यांतून मोती काढून विकले का? खेळाडूने खरे सांगायचे की खोटे, ते त्याच्यावर सोपवलेले असते. हा प्रसंग ऐकून आमच्या मनात जे आले, तेच बहुतेक वाचकांच्या मनात आले असेल. माल कुठून मिळवला आणि कुठे खर्च केला, याचा जाब कियामतच्या दिवशी प्रत्येकाला द्यावा लागेल, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खेळ बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी ती नसेल. पण कमाईचा स्रोत विचारला गेला की माणूस का दचकतो, हे त्यांनी बरोबर ओळखले.

काही वेळा निर्माते स्वतःच किल्ली देतात. २००० साली आलेल्या 'द सिम्स' मध्ये एक ठरावीक शब्द टाइप केला की घरखर्चाला १००० नाणी मिळत. १९८६ मध्ये 'ग्रॅडियस' हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना काझुहिसा हाशिमोटो यांना तो तपासून पाहणे फार अवघड जात होते, म्हणून त्यांनी बटणे ठरावीक क्रमाने दाबली की सारी शस्त्रे मिळतील अशी सोय केली. ती नंतर तशीच राहून गेली आणि जगभर 'कोनामी कोड' म्हणून प्रसिद्ध झाली. घरमालकाने स्वतः उघडा ठेवलेला दरवाजा आणि भिंतीला पडलेली फट यात फरक करायला हवा. आणि बाहेरून हत्यार आणून भिंत फोडणे, म्हणजे वेगळे सॉफ्टवेअर वापरून खेळातले आकडे बदलणे, ही तिसरीच गोष्ट झाली. मुलाशी बोलताना आधी हे विचारावे: तू दरवाज्याने गेलास, फटीतून गेलास, की भिंत फोडलीस?

हक्क कोणाचा बुडाला?

डच विद्वान योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये माणसाच्या खेळण्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी त्यात रडी खेळणारा आणि डाव मोडणारा असे दोघे वेगळे केले आहेत. रडी खेळणारा निदान नियम मानतो असे दाखवतो. डाव मोडणारा तेही करत नाही. दाखवतो, हा शब्द इथे महत्त्वाचा. दाखवायला समोर कोणीतरी लागते. मिया कॉन्साल्वो या अभ्यासक बाईंनी २००७ मध्ये व्हिडिओ गेममधल्या चीटिंगवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांना खेळाडूंमध्येही एकमत दिसले नाही. काहींच्या मते स्वतःच्या बळावर केले नाही ते सगळे चीटिंग. कोणाला विचारून मार्ग काढला तरी. काहींच्या मते मात्र समोर दुसरा माणूस असेल तरच चीटिंग होते, यंत्राची फसवणूक होत नाही. आमच्या वर्गातले दोन तट जगभर आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या परंपरेत फसवणुकीची व्याख्या फार स्वच्छ आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आत धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. ते झाकून ठेवणे हा गुन्हा होता, कारण घेणाऱ्याचा खरे जाणण्याचा हक्क त्यात मारला जात होता.

या कसोटीवर एकट्याचा खेळ घासून पाहू. नकली दुकानदाराची पेटी रिकामी झाली तर कोणाच्या घरची चूल विझली? कोणाचीच नाही. तो दुकानदार उपाशी राहत नाही, त्याला मुलेबाळे नाहीत. निर्मात्याला खेळाची किंमत आधीच मिळाली आहे. तेव्हा जोवर मूल एकटे खेळते आणि कोणाला काही खोटे सांगत नाही, तोवर 'लबाड' हा शब्द त्याला लावणे अन्यायाचे आहे, असे आम्हाला वाटते. मुलावर असा शिक्का सहज मारू नये. लबाड म्हणून ऐकलेले मूल पुढे खरी लबाडी करताना कचरत नाही.

पण धान्याचा ढीग डावात आला, की हिशेब बदलतो. मुलाने पळवाटेने महागडे चिलखत मिळवले आणि मित्राला सांगितले, "पन्नास तास लागले, स्वतः मिळवले," तर त्याने ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवले. 'पोकेमॉन' मधली फुगवलेली फौज घेऊन दोन यंत्रे वायरने जोडून मित्राशी लढला, तर आता समोर माणूस आला. खेळ वेगाने संपवण्याची स्पर्धा करणाऱ्यांनी यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांच्याकडे पळवाटा वापरून खेळणाऱ्यांचा गट वेगळा आणि एकही पळवाट न वापरणाऱ्यांचा गट वेगळा असतो. पळवाट वापरा, पण सांगून वापरा. मग त्यात रडी उरत नाही.

जिथे हजारो लोक एकाच बाजारात असतात, तिथे तर पळवाट सरळ नुकसान करते. 'डायब्लो ३' या खेळात खेळाडूंचा आपापसांतला लिलाव होता, त्यात खऱ्या पैशांचीही देवघेव चालत असे. मे २०१३ मध्ये एका सुधारणेनंतर तिथे फट पडली. लिलाव मागे घेतला की टाकल्यापेक्षा जास्त सोने परत येऊ लागले. काही जणांनी अमाप सोने उकळले, बाजारातल्या बाकीच्यांच्या कमाईचे मोल त्यामुळे घसरले. कंपनीला लिलाव बंद ठेवावा लागला, अनेक खाती रद्द करावी लागली. मार्च २०१४ मध्ये तो लिलाव कायमचा बंद झाला. तिथल्या सोन्यामागे इतरांचे तास आणि खरे पैसे होते, म्हणून तिथली पळवाट ही चोरीच होती.

हीला: पळवाटेचा जुना प्रश्न

नियमाचे अक्षर पाळायचे आणि हेतू मोडायचा, हा प्रश्न आपल्या उलमांना नवा नाही. त्याला फिकहमध्ये 'हीला' म्हणतात, अनेकवचन 'हियल'. हनफी फिकहमध्ये यावर स्वतंत्र लिखाण झाले आहे. इमाम बुखारी यांनी आपल्या हदीससंग्रहात 'किताबुल हियल' असे स्वतंत्र प्रकरणच ठेवले आहे आणि तिथे अशा युक्त्यांवर त्यांचा कटाक्ष आहे.

सब्तवाल्यांची हकिगत घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. समुद्रकाठच्या त्या वस्तीला शनिवारी मासेमारीची मनाई होती. नेमके शनिवारीच मासे पाण्यावर येत. सूरह अल-आराफमध्ये हा उल्लेख आहे, आणि तफसीरकार सांगतात की त्यांच्यातल्या काहींनी आदल्या दिवशी जाळी लावून किंवा चर खणून ठेवले आणि रविवारी मासे उचलले. शनिवारी हात लावला नाही, असे ते म्हणू शकत होते. तरीही ते पकडीत आले. हुकूम हा त्यांची परीक्षा होती आणि त्यांनी परीक्षाच निकालात काढली होती.

आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण जकातीचे. साल भरत आले की दागिने बायकोच्या नावे करायचे, दिवस उलटला की परत आपल्या नावे. कागदावर सगळे बरोबर, पण ज्या गरिबाचा त्या मालात हक्क होता त्याच्या हाती काही नाही.

दुसरीकडे सूरह सादमध्ये हजरत अय्यूब (अलै.) यांना शपथ मोडू नये म्हणून गवताची जुडी हाती घेऊन मारण्याची वाट खुद्द अल्लाहने दाखवली. शपथही पाळली गेली आणि कोणाला इजाही झाली नाही. म्हणून उलमांनी सरसकट प्रत्येक युक्तीला वाईट म्हटले नाही. जी युक्ती कोणाचा हक्क बुडवते किंवा हुकमाचा हेतूच नष्ट करते ती निंद्य. जी अडचणीतून वाट काढते आणि कोणाला दुखवत नाही, तिला जागा आहे.

खेळातल्या पळवाटेवर हलाल-हरामचा निर्णय देणे हे आमचे काम नाही, त्यासाठी आलिम आहेत. खेळाचे नियम ही शरीअत नव्हे, हेही मुलाला स्पष्ट सांगावे. दोन्ही एका तागडीत घालू नयेत. पण विचार करण्याची पद्धत मात्र आपल्याला इथून घेता येते. हक्क कोणाचा बुडाला, आणि नियम कशासाठी होता, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिल्याचे उत्तर एकट्याच्या खेळात 'कोणाचा नाही' असे येते. दुसऱ्याचे उत्तर इतके सोपे नाही.

मग गमावले काय?

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञांनी १९७८ च्या पुस्तकात खेळाची एक मार्मिक व्याख्या केली. त्यांचे म्हणणे असे, की गरज नसलेले अडथळे आपण राजीखुशीने पत्करतो आणि ते ओलांडायला धडपडतो, तो खेळ. धावपटू मैदान आडवे कापून दुसऱ्या टोकाला सहज पोचू शकतो. तो वळसा घालूनच धावतो, कारण वळसा हीच शर्यत. खेळातल्या पैशाची टंचाई हा असा वळसा आहे. पहिल्याच दिवशी लाख नाणी खिशात आली तर तलवार विकत घेण्यात काही उरत नाही. मग बरीच मुले दोन दिवसांत कंटाळून तो खेळच सोडून देतात. ज्याच्याकडे सगळे आहे त्याला राजवाडाही रिकामा वाटतो.

शाळेतले उदाहरण द्यायचे तर अपेक्षित प्रश्नसंच घ्या. परीक्षेला येण्याजोगे प्रश्न पाठ करणारा मुलगा कॉपी करत नाही. पर्यवेक्षक त्याला पकडू शकत नाही, पकडूही नये. त्याला गुणही मिळतात. पण वर्षभर इतिहास शिकून त्याच्या हाती काय लागले, हा प्रश्न राहतोच. कॉपी हा इतरांवर अन्याय आहे, कारण गुणपत्रिका ही जगासमोर दिलेली साक्ष असते. नुसती घोकंपट्टी हा स्वतःवर अन्याय आहे. खेळातली पळवाट बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडते.

आणि कधी कधी त्यातही मोडत नाही. पळवाट शोधणाऱ्या मुलाने दोन नियम जोडून पाहिले, प्रयोग केला, चुकला, पुन्हा केला. ही बुद्धी आहे. खेळ बाजारात येण्याआधी अशाच फटी शोधण्यासाठी कंपन्या पगारी माणसे ठेवतात. स्वतः शोधलेली पळवाट आणि कोणाचा व्हिडिओ पाहून जशीच्या तशी उचललेली पळवाट, यांतही फरक आहे. ज्याला दिवसातून अर्धाच तास मिळतो, किंवा ज्याचे हात लहान आहेत, त्याने पैशाची अडचण पळवाटेने दूर करून गोष्टीचा आनंद घेतला, तर त्याने खेळाचा वेगळा भाग निवडला, इतकेच.

घरात काय बोलावे?

पहिले, मुलाकडून पळवाट समजून घ्या. ती कशी चालते हे सांगताना मूल हिशेब, कारण आणि परिणाम बोलू लागते. गणिताच्या तासाला जे तोंड उघडत नाही तेही इथे बोलते.

दुसरे, वर दिलेले प्रश्न विचारा. समोर कोणी माणूस आहे का? कोणाला खोटे सांगितलेस का? आणि आता खेळायला मजा येते का? तिसऱ्या प्रश्नावर मुले बहुधा विचारात पडतात.

तिसरे, खेळातल्या पैशावरून खऱ्या पैशाचे बोलणे काढा. २०२० मध्ये आलेल्या 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या बेटावरच्या खेळात बँक आहे आणि ती व्याज देते. खेळणाऱ्यांनी यंत्राचे घड्याळ पुढे करून वर्षांचे व्याज क्षणात उचलायला सुरुवात केली. त्याच एप्रिलमध्ये निर्मात्यांनी व्याजाचा दर एकदम खाली आणला. तिथे कर्ज घेणारा कोणी गरीब नाही, म्हणून त्या नाण्यांवरून मुलाला दटावू नये. पण काहीही न करता, फक्त वेळ सरकवून पैसा वाढतो तेव्हा बाजाराचे काय होते, आणि आपल्या दीनने सूदला इतके कठोर का मानले, हे समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

चौथे, आपली काळजी योग्य जागी लावा. एकट्याने खेळताना दुकानदाराला फसवणाऱ्या मुलापेक्षा, अब्बांच्या मोबाईलवरून खऱ्या रुपयांनी खेळातली नाणी विकत घेणारे मूल, किंवा पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपवर बसलेला तरुण, हा घराचा खरा धोका आहे. खेळातली नाणी बाहेर कवडीमोलाची असतात, पण बाहेरचा रुपया आत गेला की परत येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साध्या मनोरंजनाच्या खेळांना त्यापासून वेगळे ठेवले. आपल्यासाठी जुगाराची मनाई त्याआधी कितीतरी शतकांची आहे. ही रेघ मुलांना कायद्याच्या भाषेतही दाखवता येते आणि दीनच्या भाषेतही.

पाचवे, वेळेचा हिशेब. 'विचर' मधली गुरे तासन् तास मारणाऱ्या मुलाने कोणाचा माल चोरला नाही, पण त्याच्या असरची नमाज आणि उद्याचा गृहपाठ त्या कातड्यांत गेला असेल. तो हक्क त्याच्या स्वतःचा आणि त्याच्या रबचा आहे. पळवाट वापरलीस का, यापेक्षा किती वेळ दिलास, हा प्रश्न आम्ही आधी विचारू.

तेव्हा वर्गातल्या त्या दोन तटांना आमचे उत्तर असे. एकट्याच्या डावात, काही न लपवता वापरलेली पळवाट ही रडी नाही. समोर माणूस आला, किंवा तोंडातून खोटे आले, की ती रडी होते. आणि कोणी पाहत नसतानाही एखाद्या मुलाने ठरवले, की ही तलवार मी नियमानेच कमावणार, तर त्या मुलाचे मनापासून कौतुक करावे. कोणी बघत नसताना स्वतःहून पाळलेला नियम ही रमजानात आपली लहान मुले पाण्याच्या माठापाशी उभी राहून शिकतात तीच गोष्ट आहे.